वॉर्ड बदलल्यावर पेशंटसमोरची भीड कशी चेपायची

आठ-दहा वर्षं आयसीयूत काढलेली सिस्टर बाळंतिणींच्या वॉर्डात बदलून आली, की पहिले काही दिवस ती केस पेपरमध्येच डोकं घालून बसते. हात सगळं जाणत असतात, तोंड मात्र कोरं असतं. व्हेंटिलेटरवरचा पेशंट प्रश्न विचारत नाही. इथे समोर जागी, घाबरलेली बाई असते, तिच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला सासू, आणि पहिलाच प्रश्न येतो, 'सिस्टर, अजून दूध का उतरत नाही?'

ही भीड बहुतेक वेळा स्वभावातली नसते. जुन्या वॉर्डात हीच सिस्टर डॉक्टरांशीसुद्धा ठणकावून बोलत होती. नव्या जागी तिच्याकडे तयार वाक्यं नसतात आणि हाताचा क्रम बसलेला नसतो, म्हणून ती अडते. त्यामुळे 'आत्मविश्वास ठेवा' हा सल्ला इथे कुचकामी आहे. वाक्यं तयार करायची आणि क्रम बसवायचा, एवढंच काम आहे आणि ते साधारण महिनाभरात होतं. नाशिकच्या त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय असो, आडगावचं मेडिकल कॉलेज असो की मुंबई नाक्याजवळचं एखादं खासगी हॉस्पिटल, पद्धत तीच.

आधी भीड नेमकी कुठे आहे ते शोधा

युनिफॉर्मच्या खिशात एक छोटी वही ठेवा. शिफ्टमध्ये जिथे जिथे पाऊल अडखळलं, तिथे एक ओळ लिहा. पेशंटचं नाव नको, बेड नंबरही नको, फक्त प्रसंग: 'पॅड बघायला चादर उचलताना', 'पाळीची तारीख विचारताना', 'मुलाच्या बापाने डोस विचारला तेव्हा'. सहा-सात शिफ्टनंतर वही वाचा. सगळ्याच गोष्टींची भीड वाटते असं आपल्याला वाटत असतं, पण वहीत त्याच दोन-तीन जागा पुन्हा पुन्हा येतात.

या जागा साधारण तीन जातीच्या असतात. एक उघड्या शरीराची, दुसरी नाजूक शब्दांची आणि तिसरी 'मला हे येत नाही, हे पेशंटला कळेल' याची. तिसरी सगळ्यात जास्त छळते आणि सगळ्यात लवकर सुटते. त्यासाठी एकच वाक्य पाठ करा: 'हे मी इन्चार्ज सिस्टरांना विचारून दहा मिनिटांत सांगते.' मग दहा मिनिटांत खरंच परत जा, उत्तर मिळालं नसलं तरी जा. पेशंटला न येण्याचा राग नसतो, 'येते हं' म्हणून गायब होणाऱ्या सिस्टरचा असतो.

भिडेची किंमत

भीड म्हणजे नुसतं अवघडलेपण असं समजू नका. बाळंतपणानंतर पहिल्या दोन तासांत दर पंधरा मिनिटांनी रक्तस्राव, गर्भाशयाचा कडकपणा, नाडी आणि बीपी बघायचं असतं. भिडस्त सिस्टर वरून विचारते, 'जास्त जात नाही ना?' बाई 'नाही' म्हणते. पॅड वरून कोरडं दिसतं, कारण ती उताणी झोपलेली असते आणि रक्त मागे, कंबरेखाली साचत असतं. म्हणून चादर उचलायची, कुशीवर वळवायचं, ग्लोव्ह घातलेला हात नितंबाखाली घालून बघायचं. हे न करण्यामागे आळस क्वचितच असतो, बहुतेकदा संकोच असतो. ५०० मिलीच्या पुढचा रक्तस्राव धोक्याचा, आणि तेवढं रक्त गादीखालच्या मेणकापडावर सहज लपतं.

पहिली दोन मिनिटं

ओव्हर (आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती) घेतल्यावर लगेच टेबलाशी बसू नका. प्रत्येक बेडपाशी हात सॅनिटायझरने वीस ते तीस सेकंद चोळत उभ्या राहा आणि तेवढ्यात बोला. हाताला काम असलं की जीभ सुटते. बोलण्यात चार गोष्टी याव्यात: मी कोण, किती वाजेपर्यंत आहे, आत्ता काय करणार, किती वेळ लागेल.

'नमस्कार ताई, मी आज दोन ते आठ तुमच्याकडे आहे. आत्ता बीपी आणि टाके बघते, पाच मिनिटं लागतील. बघू ना?'

शेवटचे दोन शब्द गाळू नका. परवानगी मागितली की पेशंट 'हो' म्हणतो आणि त्या 'हो'मुळे आपलीच भीड अर्धी उतरते. नाव विचारतानाही 'तुम्ही सुनीताबाई ना?' असं विचारू नका, ग्लानीतला माणूस कशालाही मान हलवतो. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' म्हणा आणि मनगटावरच्या पट्टीवरचा नंबर केस पेपरशी जुळवा.

हाक कशी मारायची यावर नवख्या सिस्टर उगाच अडतात. आजी, काकू, ताई, बाबा, काका, दादा हे सगळीकडे चालतं. 'मावशी' जपून वापरा, वॉर्डात साफसफाईच्या बाईंनाही मावशीच म्हणतात, त्यामुळे हाक एकीला आणि बघते दुसरी. मालेगावकडच्या मुस्लिम कुटुंबातल्या वयस्कर बाईला 'खाला' म्हटलेलं आवडतं. बागलाणकडून आलेल्या आजीला अहिराणीत नुसतं 'काय व्हई ऱ्हायनं?' विचारलं तरी चेहरा खुलतो. अख्खी अहिराणी यायची गरज नाही.

पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून आलेले पेशंट पुष्कळदा काहीच विचारत नाहीत, प्रत्येक वाक्याला मान हलवतात. भिडस्त सिस्टरला असा पेशंट बरा वाटतो. पण दोन्हीकडून भीड असली की निरोप पोचतच नाही. म्हणून सांगून झाल्यावर उलट विचारा: 'घरी गेल्यावर ही गोळी कधी घ्यायची, मला सांगा बरं.'

शब्दांची यादी करा

नाजूक प्रश्न अडतात, कारण कॉलेजात आपण ते शब्द इंग्रजीत शिकलो आणि घरी ते कधी उच्चारले नाहीत. लोकांकडे मात्र त्यासाठी चांगले, सभ्य शब्द आहेत. ते गोळा करा. पाळीला कोणी 'अडचण' म्हणेल, कोणी 'बाहेर बसले' म्हणेल. पांढरं किंवा लाल 'अंगावरून जातं'. गर्भाशय खाली सरकलं तर 'अंग बाहेर येतं'. वयस्कर माणसाला 'संडासला झाली का?' पेक्षा 'परसाकडे झाली का?' बरं वाटतं. बाळाला 'अंगावर पाजता का?' शरीरसंबंधाबद्दल विचारायचं तर 'नवऱ्याजवळ जाणं होतं का?' पुरतं. स्वतः उच्चारताना 'लघवीची जागा', 'शौचाची जागा' हे शब्द सरळ आहेत, त्यांत हसण्यासारखं काही नाही.

दहा-बारा शब्दांची यादी झाली की घरी दार लावून मोठ्याने म्हणा. मनात म्हणून उपयोग नाही, भीड घशात असते. रोज पाच मिनिटं, आठवडाभर. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं तर आपण कुठे आवाज खाली नेतो ते लगेच कळतं. आवाज खाली गेला की पेशंटला वाटतं, काहीतरी लाजिरवाणं आहे. प्रश्न जितका नाजूक, तितका सूर 'जेवलात का?' सारखा सपाट हवा.

क्रमही महत्त्वाचा. झोप, भूक, दुखणं, मग लघवी-संडास, मग पाळी किंवा संबंध. मध्ये एक पूल टाका: 'आता जे विचारते, ते इथल्या सगळ्यांना विचारतो.' त्याआधी नातेवाइकांना बाहेर पाठवा. सुनेच्या पाळीचा हिशेब सासू देते, दारूचा बायको देते, आणि दोन्ही उत्तरं चुकीची असू शकतात. 'जरा बाहेर जा' म्हटलं की लोक दुखावतात. त्यापेक्षा काम द्या: 'भाऊ, तेवढं मेडिकलमधून एवढं घेऊन या', 'आजी, तुम्ही तोवर चहा घेऊन या, मी यांच्याजवळ आहे.' पाच-सहा नातेवाईक असतील तर पहिल्याच दिवशी एकाचं नाव केस पेपरवर लिहा आणि माहिती फक्त त्यालाच द्या.

एचआयव्हीचा रिपोर्ट मात्र त्या एकालाही सांगायचा नाही, बेडपाशी मोठ्याने उच्चारायचाही नाही. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ती माहिती गोपनीय आहे.

एक काम जवळून: पुरुष पेशंटला कॅथेटर (लघवीची नळी)

मेडिसिनच्या फीमेल वॉर्डातून युरॉलॉजी किंवा मेल सर्जिकलला आलेल्या सिस्टरची सगळ्यात मोठी भीड ही. काही ठिकाणी हे काम ब्रदर (पुरुष नर्स) किंवा डॉक्टर करतात, पण रात्रपाळीला दोघंही हाताशी नसू शकतात. आधी निदान दोन-तीन वेळा जाणत्या हाताशेजारी उभं राहून बघा, मग त्यांच्या देखरेखीखाली करा.

अर्धी लाज पडद्याच्या आत-बाहेर करण्याने वाढते. पेशंट उघडा, आणि सिस्टर सिरिंज आणायला पळतेय, हे दोघांनाही नको होतं. म्हणून ट्रे पडद्याबाहेरच पूर्ण करा: १४ किंवा १६ नंबरचं फोलीज कॅथेटर, दुसरं एक जादा, युरोबॅग (लघवी साठवायची पिशवी), दोन टक्के लिग्नोकेन जेली, १० मिली निर्जंतुक पाणी भरलेली सिरिंज, निर्जंतुक ग्लोव्हज, ड्रेप, स्वॅब, किडनी ट्रे, चिकटपट्टी. कॅथेटर आत धरून ठेवणाऱ्या फुग्यात सलाईन भरू नका, त्याचे खडे नळीत बसून काढताना फुगा रिकामा होत नाही. सोबत एक माणूस घ्या.

काय करणार ते कपडे सरकवण्याआधी सांगा. झाकलेल्या माणसाला सांगणं सोपं जातं. मग कंबरेपासून गुडघ्यापर्यंतच उघडं, वर-खाली चादर. स्वच्छ करताना कातडी मागे घ्या, 'थंड लागेल' म्हणा. जेली हळू सोडा आणि तीन ते पाच मिनिटं थांबा. ही मिनिटं भिडस्त माणूस खाऊन टाकतो, मग पेशंट ओरडतो आणि भीड दुप्पट होते. या वेळात बोला: द्राक्षाची छाटणी झाली का, कांद्याला भाव काय, काहीही. एखाद्याला लिंगाला ताठरता येते. ती नसांची प्रतिक्रिया आहे. हसू नका, रागावू नका. चादर टाका, 'असं होतं, दोन मिनिटं थांबू' म्हणा, थांबा.

कॅथेटर पार दुभाजकापर्यंत, म्हणजे नळीला फाटा फुटतो तिथपर्यंत, आत घाला. लघवी आलेली दिसल्याशिवाय फुगा फुगवायचा नाही. घाईत इथेच चुकतं, फुगा मूत्रमार्गात फुगतो आणि जखम होते. अडलं तर जोर लावू नका, डॉक्टरांना बोलवा. अपघाताच्या पेशंटच्या मूत्रद्वाराशी रक्त दिसलं तर सुरुवातच करू नका. शेवटी कातडी पुढे आणा. हे विसरलं तर काही तासांत सूज येऊन ती पुढे येतच नाही, मग सर्जनला बोलवावं लागतं. नजर टाळणाऱ्या सिस्टरकडून नेमकं हेच विसरतं, कारण तिने शेवटी नीट पाहिलेलंच नसतं.

बायकांमध्ये मार्ग चार सेंटिमीटरच्या आसपास, पण चुकून कॅथेटर योनीत जाऊ शकतं. गेलं तर काढू नका, खूण म्हणून तिथेच राहू द्या आणि जादा घेतलेलं दुसरं वर घाला.

ब्रदरांसाठी: बाईच्या शरीराशी संबंधित कोणतंही काम एकट्याने नाही. सिस्टर किंवा मावशी आत हव्यात, आणि त्यांचं नाव नोंदीत हवं. बाई नको म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका, काम बदलून घ्या.

कुठल्या वॉर्डात काय अडतं

बाळंतिणींच्या वॉर्डात छातीला हात लावायची भीड. खरं तर लावायची गरजच कमी असते. स्वतःची मूठ छातीसारखी धरा, बाहुली किंवा गुंडाळलेला टॉवेल बाळासारखा धरा आणि दाखवा: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो. आईने स्वतःच्या हाताने केलं की ते तिला घरीही जमतं. जन्मल्यापासून तासाभरात पहिलं पाजणं आणि मग दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा. सासू मध घेऊन उभी असेल तर तिच्याशी वाद घालू नका. तिला बाळाच्या ओल्या लंगोटांचा हिशेब ठेवायला सांगा, ती तुमच्या बाजूला येते.

डायलिसिसला उलटं असतं. तिथे पेशंटला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी साधारण चार तास, वर्षानुवर्षं येणारा माणूस आल्या आल्या विचारतो, 'नवीन का?' लपवू नका. 'हो, या युनिटला नवीन. आठ वर्षं मेडिसिनला होते. आज सुई जुन्या सिस्टर घालतील, मी बघणार आहे.' मग त्यालाच विचारा: ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन) किती, मागच्या वेळी सुई कुठे लागली, पायात गोळे कधी येतात. फिस्टुलावर (डायलिसिससाठी हातात शीर आणि धमनी जोडलेली जागा) हलकेच बोटं ठेवून थरथर जाणवते का बघा, आणि त्या हातावर बीपीची पट्टी बांधू नका. ही दोनच कामं बिनचूक केलीत तर जुना पेशंट तुम्हाला लगेच आपलं मानतो. नव्या फिस्टुलात पहिली सुई मात्र नवख्या हाताने घालायची नसते.

लहान मुलांत पहिली दोन मिनिटं मुलाकडे बघूच नका, आईशी बोला. मूल आपणहून स्टेथोस्कोप ओढायला लागतं. 'दुखणार नाही' असं खोटं सांगू नका. एकदा फसलेलं मूल पुढच्या शिफ्टच्या सिस्टरलाही जवळ येऊ देत नाही.

आयसीयूत नव्याने जाणाऱ्यांना न बोलणाऱ्या पेशंटशी बोलताना वेड्यासारखं वाटतं. तरी बोला: वेळ, वार, काय करतेय ते. पेशंट जागा असेल तर एकदा डोळे मिटले म्हणजे 'हो', दोनदा म्हणजे 'नाही' असं ठरवून घ्या.

मानसोपचार विभागात, आणि विष घेतलेल्यांच्या बेडपाशीही, एका प्रश्नाची भीड सगळ्यांना असते: जीव द्यायचा विचार मनात आहे का? निफाड-दिंडोरीकडे शेतात फवारणीचं औषध हाताशी असतं, त्यामुळे असा पेशंट कुठल्याही वॉर्डात भेटतो. 'विचारलं तर डोक्यात नवं खूळ घालू' ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. खुर्ची घेऊन बसा, उभ्याने नको. 'जीव नकोसा वाटतो का?' त्यावर 'हो' आलं तर, 'जिवाचं बरंवाईट करायचं आत्ता मनात आहे का? कसं, ते ठरवलंय का?' पुन्हा 'हो' आलं तर एकट्याला सोडू नका, डॉक्टरांना तेव्हाच कळवा, आजूबाजूची औषधं, ब्लेड, दोरी काढून घ्या, लिहा आणि ओव्हर देताना हे सगळ्यात आधी सांगा. डिस्चार्जच्या वेळी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कागदावर लिहून द्या.

पहिला महिना कसा वाटून घ्यायचा

पहिले तीन दिवस फक्त जुन्या सिस्टरच्या मागे फिरा आणि तिची वाक्यं वहीत उतरवा. कुठल्याही वॉर्डात अशी एक सिस्टर असतेच, जिच्याशी पेशंट भडाभडा बोलतात. तिचे शब्द बिनदिक्कत उचला. चौथ्या दिवसापासून इन्चार्जकडे एकच पेशंट पूर्णपणे मागा: स्पंजिंगपासून ड्रेसिंग, औषधं, डिस्चार्जच्या सूचनांपर्यंत. दहा पेशंटची तुकड्या-तुकड्यांनी कामं करून ओळख होत नाही, आणि ओळखीशिवाय भीड जात नाही. दुसऱ्या आठवड्यात तीन पेशंट, तिसऱ्यात वहीतल्या अवघड जागांपैकी रोज एक, कोणीतरी सोबत असताना. चौथ्या आठवड्यात पहिली रात्रपाळी. त्याआधी एखाद्या मैत्रिणीला बेडवर झोपवून पडदा लावून सराव करा, आणि एकदा स्वतःही झोपून बघा. चादर सरकताना काय वाटतं, ते कळतं.

भीड झाकायचे चोरटे मार्गही ओळखा: फार बडबडणं, उगाच हसणं, मॉनिटरकडे बघत बोलणं, म्हाताऱ्या माणसाशी लहान मुलासारखं बोलणं. पेशंटला हे सगळं दिसतं.

एक गोष्ट भिडेत मोजू नका. पेशंट किंवा नातेवाईक मुद्दाम घाणेरडं बोलला, हात लावला, तर अवघडलेपणा तुमचा दोष नाही. हात मागे घ्या, पडदा उघडा, मोठ्याने आणि स्पष्ट सांगा: 'असं बोलायचं नाही. मी दुसऱ्या सिस्टरसोबत येते.' इन्चार्जला सांगा, वेळ आणि शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षितता देणं ही कामाच्या जागच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने हॉस्पिटलची जबाबदारी आहे, आणि दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते.

महिना झाला की इन्चार्जला 'माझं कसं चाललंय?' असं विचारू नका, 'बरं चाललंय' एवढंच ऐकू येईल. त्याऐवजी विचारा, 'मी राउंडला कुठल्या बेडकडे सगळ्यात शेवटी जाते?' इन्चार्जला ते नक्की माहीत असतं. दुसऱ्या दिवशी ओव्हर घेतल्यावर त्याच बेडपासून सुरुवात करा.